दर्ग्यात जाताना: खुलताबादच्या औलियांकडे कसं जावं, कुठे बसावं

पहिल्यांदा खुलताबादला गेले तेव्हा सकाळी दहा ते दुपारी तीन एवढ्या वेळात मी सहा दर्गे आणि तीन मकबरे उरकले. संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकावर बहिणीचा फोन आला, "कुठे कुठे जाऊन आलीस?" मला घुमट आठवत होते, पांढऱ्या भिंती आणि जाळ्या आठवत होत्या. पण कुणाच्या मजारीपुढे डोक्यावर ओढणी घेऊन उभी होते, ते काही धड सांगता येईना. फार वाईट वाटलं. आमच्या गावच्या पीराला आजी दर गुरुवारी ऊद घालायची, मलिद्याची वाटी न्यायची आणि मुलाणीबाबा फातिहा, म्हणजे कुराणातला पहिला अध्याय वाचून दुवा देईपर्यंत ओट्यावर गप्प बसून राहायची. तिथे तिला घाई झालेली मी कधी पाहिली नाही. आणि मी इतक्या लांब जाऊन नुसती धावपळ करून आले होते.

त्यानंतर खुलताबादच्या बऱ्याच खेपा झाल्या. दिल्ली, अजमेर, गुलबर्गाही झालं. दर्ग्यात जावंसं वाटतं, पण आत काय करतात, आपलं काही चुकेल का, आपल्याला आत घेतील का, अशी धास्ती ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. उदाहरण खुलताबादचंच घेते, कारण सूफींची एवढी दाट वस्ती महाराष्ट्रात दुसरीकडे नाही. इथला सगळा रिवाज नीट समजला की देशातल्या बहुतेक दर्ग्यांत तुम्ही अवघडणार नाही.

पहिलं काम: कुणाकडे जायचं ते ठरवा

दर्ग्याला जाण्यासाठी शब्द आहे जियारत. त्याचा अर्थच भेट. म्हणून जागा ठरवण्याआधी माणूस ठरवा. एका दिवसात दोन दर्गे, फार तर तीन, यापलीकडे जाऊ नका.

काही शब्द आधी माहीत असू द्या. मशीद ही नमाजाची जागा. दर्गा म्हणजे वलीची, म्हणजे संताची कबर आणि तिच्याभोवतीचा परिसर. प्रत्यक्ष कबरीला मजार म्हणतात. रौजा म्हणजे बाग, आणि संताच्या समाधीलाही तोच शब्द. खुलताबादचं जुनं नाव रौजाच होतं. चिल्ला म्हणजे जिथे संताने काही काळ एकांतात उपासना केली ती जागा. तिथे कबर असतेच असं नाही. खानकाह म्हणजे सूफींचा मठ. मुजावर किंवा खादिम दर्ग्याची सेवा करतात, आणि सज्जादानशीन म्हणजे त्या गादीचे वारस. बऱ्याच दर्ग्यांच्या आवारात मशीदही असते. तिचे नियम वेगळे, नमाजाच्या वेळी ती जागा नमाजींची. तिकडे विचारल्याशिवाय जाऊ नये.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की असावी. इस्लाममध्ये संत म्हणजे देव नाही. श्रद्धाळू मुसलमान मागणं अल्लाहकडे मागतात, वलीला मध्यस्थ मानतात, आणि फातिहा वाचतात ती वलीच्या नावाने. दर्ग्यावर जाणं, कबरीपुढे मागणं हेच मुळात मान्य नसलेले मुसलमानही पुष्कळ आहेत. तुमचा एखादा मुसलमान मित्र "मी दर्ग्यात जात नाही" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, तो त्यांच्या घरातला जुना प्रश्न आहे.

मग त्यांची ओळख करून घ्या

हे काम घरी बसून करायचं. पुढचं अर्धं समाधान यातच आहे.

खुलताबादची साखळी दिल्लीतून येते. अजमेरचे ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती (निधन १२३६), त्यांचे शिष्य मेहरौलीचे कुतुबुद्दीन बख्तियार काकी, त्यांचे पाकपट्टणचे बाबा फरीद, आणि बाबा फरीदांचे दिल्लीचे निजामुद्दीन औलिया (निधन १३२५). निजामुद्दीनांच्या शिष्यांतून ही परंपरा दख्खनेत उतरली. १३२७मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली तेव्हा दिल्लीतले विद्वान, कवी, सूफी असे कितीतरी लोक इकडे आले. कुणी राजीखुशीने, कुणी नाइलाजाने. त्यातले पुष्कळ परत गेलेच नाहीत. दौलताबादचा घाट चढला की लागणाऱ्या पठारावर त्यांच्या कबरी आहेत. चौदाशे औलिया, म्हणजे वली, इथे आले अशी लोकांत श्रद्धा आहे.

त्यांच्याही आधी इथे आलेले मुंतजबुद्दीन, लोकांच्या तोंडी जर जरी जर बक्ष. जर म्हणजे सोनं, सोनं वाटणारा तो जर बक्ष. त्यांच्याभोवती विहिरीतून सोन्याची फांदी उगवल्याची आख्यायिका आहे. त्यांचं निधन १३०९चं. खुलताबादचा सगळ्यात मोठा उरूस त्यांचाच.

त्यांचे भाऊ बुऱ्हाणुद्दीन गरीब. माझं मन यांच्यापाशी सगळ्यात जास्त रमतं, त्याचं कारण एक गोष्ट आहे. दिल्लीत निजामुद्दीनांच्या लंगराची व्यवस्था हे पाहायचे. वय झालं, गुडघे दुखू लागले, म्हणून ते घोंगडी दुमडून तिच्यावर बसू लागले. कुणीतरी जाऊन कान भरले की बुऱ्हाणुद्दीन आता गादी घालून गुरूसारखे बसतात. निजामुद्दीन रागावले, दार बंद झालं. शेवटी निजामुद्दीनांचे लाडके शिष्य, कवी अमीर खुस्रो गळ्यात पागोटं अडकवून गुरूपुढे उभे राहिले आणि मित्रासाठी माफी मागितली, तेव्हा कुठे राग निवला. गुडघेदुखीसाठी दुमडलेल्या घोंगडीपायी एवढं सोसलेला हा माणूस पुढे म्हातारपणी दख्खनेत आला आणि १३३७मध्ये इथेच विसावला. संगीताचं, समाचं, म्हणजे भक्तीच्या गाण्याच्या बैठकीचं त्यांना वेड होतं. तापीकाठचं बुऱ्हाणपूर हे नाव त्यांच्यावरूनच पडलं, फारुकी सुलतानांनी दिलेलं.

त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी (निधन १३६९). मूळ शिराजचे, मोठे विद्वान. आधी त्यांना गाण्याबजावण्याचा हा प्रकारच पसंत नव्हता. बुऱ्हाणुद्दीनांना भेटले आणि त्यांचेच शिष्य झाले. त्यांनी मागे कुणाला वारस नेमलं नाही. साखळीत ते बाविसावे, म्हणून त्यांच्या दर्ग्याला आजही बावीस ख्वाजांचा दर्गा म्हणतात. बुऱ्हाणपूरसमोर तापीच्या पलीकडचं जैनाबाद यांच्या नावाचं. नदीच्या एका तीरावर गुरू, दुसऱ्यावर शिष्य.

वाचनाची आवड असेल त्यांनी अमीर हसन सिज्झी हे नाव लक्षात ठेवावं. निजामुद्दीनांची वचनं ज्याने लिहून ठेवली तो हा कवी. तोही इथेच आहे. चारशे वर्षांनी आझाद बिलग्रामी या विद्वानाने त्याच्या शेजारी आपल्यासाठी जागा घेतली आणि १७८६ साली तो तिथेच दफन झाला. एखाद्या लेखकाच्या शेजारी निजायला मिळावं म्हणून माणूस जागा घेऊन ठेवतो, हे वाचलं आणि मी ती कबर शोधत गेले.

तारीख कशी निवडावी

हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळे उरूस दरवर्षी इंग्रजी तारखेने दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मागच्या वर्षीची तारीख धरून तिकीट काढलंत तर मांडव उतरलेला दिसेल. शिवाय हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. "सहा तारखेची रात्र" म्हणजे आपल्या हिशेबाने आदली संध्याकाळ. अजमेरचा उरूस रजब महिन्याच्या पहिल्या सहा दिवसांत असतो. खुलताबादचा मोठा उरूस रबीउल अव्वलमध्ये, आणि त्या महिन्याच्या १२ तारखेला, ईद-ए-मिलादला, पैगंबरांचा पेहराव म्हणून जतन केलेलं वस्त्र जैनुद्दीनांच्या दर्ग्यात दर्शनाला ठेवतात. समोर बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात पैगंबरांच्या दाढीचा केस, मू-ए-मुबारक, जपलेला आहे. २०२५मध्ये ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला होती, त्यावरून पुढचा अंदाज करा आणि चंद्र दिसल्यावर खात्री करून घ्या.

पण पहिल्या भेटीला उरूस नको. पाळणे, दुकानं, रेटारेटी, आत पाच सेकंद उभं राहायला मिळणार. गुरुवारची संध्याकाळ, जुमेरात, हीसुद्धा गर्दीचीच. शुक्रवारी दुपारी साडेबारा ते दोन जुम्म्याची नमाज. माझ्या अनुभवात सोमवार किंवा बुधवारची सकाळ सर्वांत निवांत. रमजानमध्ये जरूर जा, मात्र दिवसा आवारात खाणं-पिणं टाळा. इफ्तारच्या वेळी तिथे असाल तर कुणीतरी खजूर हातावर ठेवेलच. नाही म्हणू नका.

खुलताबादलाच भद्रा मारुती आहे, निद्रिस्त मारुतीचं मोठं देवस्थान. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला संभाजीनगरहून रात्रभर लोक चालत येतात, रस्ता माणसांनी भरून जातो. ती गर्दी अनुभवायची असेल तर त्यासाठी वेगळं जा. दर्ग्यात बसायला म्हणून त्या दिवशी निघू नका.

काय घालावं, काय न्यावं

पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, पाय झाकलेले. पुरुषांना रुमाल किंवा टोपी; दारात टोप्यांची टोपली असते, पण स्वतःचा धुतलेला रुमाल बरा. बायकांना मोठी सुती ओढणी. सिंथेटिक सारखी घसरते आणि सगळं लक्ष तिच्याकडेच राहतं. सहज काढता येतील अशा चपला आणि त्या ठेवायला कापडी पिशवी. एप्रिल-मे मध्ये फरशी भाजते, पायमोजे घाला. सुट्ट्या नोटा. ओळखपत्र. कांदा-लसणाचं खाऊन जाऊ नये; लोक बोलून दाखवत नाहीत, पण पाळतात.

दारापासून मजारीपर्यंत

हौज किंवा नळ दिसला की हात, तोंड, पाय धुवा. मुसलमान तिथे वुजू करतात, त्याला ठरलेला क्रम आहे. तुम्ही त्याची नक्कल करू नका, नुसतं स्वच्छ व्हा. उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडायचा, आणि उजवा पाय आधी. कुणी नजरेला नजर देऊन सलाम केला तर सलाम करा. नमस्कार केलात तरी कुणाला राग येत नाही, मला तरी कधी अनुभव नाही.

आत गेल्यावर मजारीची दिशा ओळखा. आपल्या देशात काबा पश्चिमेला, म्हणून कबर उत्तर-दक्षिण असते: डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, तोंड पश्चिमेकडे वळवलेलं. एवढं कळलं की दक्षिणेची बाजू पायथ्याची हे आपोआप समजतं. जायचं ते पायथ्याच्या बाजूने, मोठ्या माणसाच्या पायाशी बसावं तसं. मुघली धाटणीच्या कबरींवर आणखी एक खूण असते. वरच्या दगडावर कलमदानासारखा उंचवटा असेल तर कबर पुरुषाची, सपाट पाटी असेल तर स्त्रीची. ही खूण समजल्यावर बाहेरच्या अंगणातल्या बिननावाच्या कबरींकडेही मी थांबून पाहू लागले.

काय म्हणावं? मुजावरांना "फातिहा द्याल का?" असं विचारा. ते वाचत असताना दोन्ही तळवे पसरून किंवा हात जोडून गप्प उभं राहा. तुमचं मागणं मनातल्या मनात मराठीत मांडा. ते चेहऱ्यावरून हात फिरवतात तेव्हा तुम्हीही फिरवलात तर चालतं, नाही फिरवलात तरी चालतं. मोरपिसांचा मोरचेल डोक्याला लावतील. मान खाली करा. कपाळ जमिनीला टेकवू नका. काही लोक उंबऱ्याला ओठ लावतात, पण सजदा फक्त अल्लाहला असं मानणारे तिथेच शेजारी उभे असतात, त्यांना ते खुपतं.

निघताना लगेच पाठ फिरवत नाहीत, दोन-चार पावलं मागे सरत यायचं. मजारीकडे पाय पसरून बसायचं नाही. हे मला माहीत होतं, तरी एकदा उन्हातून आल्यावर भिंतीला टेकले आणि नकळत पाय लांब केले. शेजारी एक म्हातारी खडीसाखरेची पुडी सोडत बसली होती. माझ्या गुडघ्यावर हळूच हात ठेवून म्हणाली, "पाँव उधर नक्को करो बेटी." आणि पुडीतले दोन खडे माझ्या हातावर ठेवले. आपला 'नको' आणि तिचा 'नक्को' एकच. हीच इथली दखनी.

फोटो: इमारतीचा, अंगणाचा, विचारून. मजारीचा शक्यतो नको. दुवा मागणाऱ्या माणसाचा कधीच नको. अजान सुरू झाली की बोलणं थांबवा, फोन बंद करा.

बायकांना कुठपर्यंत जाता येतं

सगळीकडे नियम सारखा नाही. अजमेरला बायका आत मजारीपाशी जातात. दिल्लीत निजामुद्दीनांच्या मुख्य मजारीच्या खोलीत जाऊ देत नाहीत, बाहेर जाळीशी बसतात. मुंबईच्या हाजी अलीला मजारीच्या भागात बायकांना मनाई झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी ती घटनाविरोधी ठरवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस प्रवेश पुन्हा सुरू झाला. हा खटला मुसलमान बायकांनीच लढला होता.

उंबऱ्यावर अडवतात तेव्हा मला त्रास होतो, तो मी लपवत नाही. पण तिथे भांडण करून मन:शांती मिळत नाही, हेही खरं. मी आधी कुठल्या तरी बाईला विचारते, "आत जातात का?" नसतील तर जाळीशी बसते. आणि सांगायला हवं की जाळीशी बसणाऱ्या बायकांमध्ये जो एकमेकींचा आधार असतो, तो आत रांगेतून पुढे सरकणाऱ्या पुरुषांमध्ये मला दिसलेला नाही. कुणी कुणाचं पोर सांभाळतं, कुणी पाणी देतं, कुणी न विचारता शेजारणीसाठी दुवा मागतं.

पैशांचं

एका मोठ्या दर्ग्यात, पुष्कळ वर्षांपूर्वी, एकाने मला दारातच गाठलं, भराभर आत नेलं, वहीत नाव लिहून घेतलं आणि अकराशे रुपये मागितले. आजूबाजूला माणसं बघत होती, म्हणून देऊन टाकले. आत काय पाहिलं ते त्या रागात विसरले. तेव्हापासून काही गोष्टी ठरवून ठेवल्यात. नजराणा किती ते घरून निघतानाच ठरवायचं. दानपेटीत टाकायचं किंवा पावती घ्यायची. वहीत नाव-पत्ता लिहायचा नाही. "फक्त जियारत करायची आहे" एवढंच शांतपणे म्हणायचं, पुन्हा म्हणायचं. फातिहा देणाऱ्या मुजावरांना मात्र स्वखुशीने काहीतरी द्यावं, त्यांचं घर त्यावर चालतं.

चादर चढवायलाच हवी असं नाही. कोल्हापूर-सांगलीकडे ज्याला गलेफ म्हणतात तीच ही. एका दिवसात एका मजारीवर किती चादरी येतात ते पाहिलं की आपण आणखी एक कशाला, असं वाटतं. गुलाबाची ओंजळ आणि थोडं अत्तर पुरे. चादरीचे पैसे लंगराला द्या. चपला सांभाळणाऱ्याला विसरू नका.

नवस आणि आजारपण

जाळीला धागा बांधा, फेडायला परत या, यात काही वावगं नाही. पण घरात कुणी मानसिक आजाराने त्रस्त असेल, फिट येत असतील, तर त्याला दर्ग्यात आणताना औषध बंद करू नका आणि तिथे सोडून तर अजिबात येऊ नका. तमिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली. साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं त्यात गेली. दुवा आणि गोळी दोन्ही चालू ठेवा.

बसणं

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. फातिहा झाली की बाहेर अंगणात या, सावलीची जागा बघा, मांडी घाला किंवा गुडघे दुमडून बसा. पाऊण तास. फोन पिशवीत. पहिली दहा मिनिटं डोक्यात बसचं वेळापत्रकच फिरतं. पंधराव्या मिनिटाला कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू यायला लागतो. ऊदाचा वास येतो. कुणीतरी मनातल्या मनात ओठ हलवत असतं. जप येत असेल तर आपला जप करा, मी हरिपाठ म्हणते. मन रडवेलं झालं तर होऊ द्या. तिथे रडणाऱ्या माणसाकडे कुणी टक लावून पाहत नाही.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल शाल दुमडून खाली घ्यावी. बुऱ्हाणुद्दीनांच्या अंगणात तर नक्कीच.

कव्वाली ऐकताना

दर्ग्यातली कव्वाली ही महफिल-ए-समा, कार्यक्रम नव्हे. दिल्लीत निजामुद्दीनला गुरुवारी संध्याकाळी ती हमखास ऐकायला मिळते. जमिनीवर बसा, गाणारे आणि मजार यांच्या मधून चालू नका. टाळ्यांची साथ कव्वालच देतात, आपण द्यायची नाही. कुणाला हाल आला, तो भान विसरून उठला, तर त्याला जागा द्या, हसू नका, मोबाईल वर करू नका. शेवटी 'रंग' हे गाणं सुरू होतं तेव्हा सगळे उभे राहतात, तुम्हीही उभे राहा.

खुलताबादचा एक दिवस, मी आखते तसा

संभाजीनगरपर्यंत रेल्वे. मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळ-कन्नडकडे जाणाऱ्या एसटीने किंवा काळ्यापिवळ्या जीपने खुलताबाद साधारण २५ किलोमीटर. सकाळी सातला निघा. दौलताबादजवळ जुन्या दरवाजाच्या कमानीतून एका वेळी एकच मोठी गाडी निघते, सुट्टीच्या दिवशी तिथे अर्धा तास मोडतो. हिवाळ्याच्या तोंडाशी रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या लागतात. येताना घ्या, जाताना घेतलीत तर पिशवीत चेपतात.

पहिल्यांदा बुऱ्हाणुद्दीनांकडे. आवारात आत हैदराबादच्या पहिल्या निजामाची, आसफजाहाची कबर आहे. फरशीत चांदीचे कण दाखवतात. दर्ग्याच्या खर्चासाठी इथे चांदीची झाडं उगवायची, अशी आख्यायिका सांगतात. बसायचं ते इथेच.

मग रस्ता ओलांडून समोर जैनुद्दीनांकडे. याच आवाराच्या एका कोपऱ्यात औरंगजेबाची उघड्यावरची साधी कबर आहे. मार्च २०२५मध्ये तिच्यावरून मोठा तणाव झाला, बंदोबस्त वाढला, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा आणि पोलिसांशी सहकार्य करा. खुलताबाद म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ही एकच कबर येते, याची मला खंत वाटते. औरंगजेब १७०७मध्ये गेला, तेव्हा जैनुद्दीनांना इथे येऊन विसावल्याला ३३८ वर्षं झाली होती. बादशहा तिथे आला तो त्यांच्या पायाशी जागा मिळावी म्हणून. तुम्ही आत जाल ते जैनुद्दीनांना भेटायला जा, आणि आवारात राजकारणाच्या गप्पा काढू नका.

दुपारी ऊन उतरल्यावर गावाबाहेर जर जरी जर बक्षांचा दर्गा. जवळच मलिक अंबरचा मकबरा आहे. हबशी गुलाम म्हणून आलेला, निजामशाहीचा कारभारी झालेला, १६२६मध्ये गेलेला मलिक अंबर. तिथे फारसं कुणी नसतं. अंगात त्राण असेल तरच हसन सिज्झी आणि आझाद बिलग्रामींची कबर विचारत विचारत जा.

वेरूळची लेणी याच दिवशी कोंबू नका. ती मंगळवारी बंद असतात, त्यांना वेगळा दिवस हवाच. पण चार-पाच किलोमीटर खाली घाट उतरून वेरूळ गावात मालोजीराजे भोसल्यांचं ठाणं होतं तिथे जरूर थांबा. मालोजींची श्रद्धा अहिल्यानगरच्या शाह शरीफ या पीरावर होती, आणि त्यांच्याच नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. शिवछत्रपतींच्या वडिलांचं नाव असं एका दर्ग्यातून आलेलं आहे. दौलताबादलाही परत जाण्यासारखं बरंच आहे: किल्ल्यावर एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांची समाधी, आणि पायथ्याच्या बाजूला चांद बोधले यांचा दर्गा, ज्यांना परंपरा जनार्दनस्वामींचे गुरू मानते. तो दुसऱ्या खेपेचा दिवस.

घरी आल्यावर

दर्ग्यातून मिळालेली फुलं कचऱ्यात टाकू नयेत. वाळवून कुंडीतल्या मातीत मिसळावीत, आमच्याकडे ती तुळशीत जातात. साखरफुटाणे, खडीसाखर हे तबर्रुक, म्हणजे प्रसाद. एकट्याने खायचं नसतं, थोडं थोडं वाटायचं. बहिणीकडे पाठवायच्या पुडीवर आता मी पेनाने लिहिते: बुऱ्हाणुद्दीन गरीब, खुलताबाद, आणि खाली त्या दिवसाची तारीख.